कोयता दोघांचा, बाळंतपण मात्र एकटीचे!

नवरा आणि बायको मिळून एक कोयता, हा ऊसतोडणीच्या धंद्यातला पहिला हिशेब. मुकादम उचल देतो ती जोडीला देतो. एकटा गडी आला तर त्याला ‘अर्धा कोयता’ म्हणतो आणि उचलही अर्धीच हातावर ठेवतो. दसरा-दिवाळी झाली की बीड, जालना, परभणी अशा कोरडवाहू मुलखांतून लाखो माणसे सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे या बाजूंना आणि थेट कर्नाटकापर्यंत जातात. गडी ऊस तोडतो. बाई पाचट काढते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. पहाटे फडावर दोघे बरोबर, रात्री गाडी भरायला दोघे बरोबर, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या सालाचे देणेही दोघांच्याच मानेवर. एवढी सगळी भागीदारी! पण बाईला दिवस गेले की हा अखंड कोयता एकाएकी दुभंगतो. पोटातले ओझे तिचे, डोक्यावरची मोळी तिची, कळा तिच्या, बाळ तिचे आणि बरे-वाईट झाले तर दैवही तिचेच! नवऱ्याला विचारावे तर तो म्हणतो, “ते बायकांचं काम. आपल्याला त्यातलं काय कळतंय?”

कमाईत जोडी आणि बाळंतपणात एकटी, हा कोणत्या गावचा न्याय, असे आम्ही विचारतो. शेतकरी व कारागीर बंधूंस आमचे सांगणे थोडक्यात एवढेच आहे की, बाळंतपण हे बाईचे दुखणे नव्हे, ते जोडप्याचे काम आहे. आणि पेरणीची तयारी जशी मृगाच्या आधी करावी लागते, तशी या कामाची तयारी दोघांनी मिळून महिनोन् महिने आधी करावी लागते. जो नवरा ही तयारी करीत नाही, तो बायकोवर मर्जी करावयाची राहून गेला असे नव्हे. तो आपल्या वाट्याचे काम चुकवितो.

यावर कित्येक शहाणे म्हणतील, “बायकोच्या बाळंतपणात नवऱ्याने लुडबुड करावयाची हे शहरी पांढरपेशांचे थेर आहेत. आपल्या कष्टकऱ्यांच्या घरांत हे कशाला?” आम्ही म्हणतो, गोष्ट नेमकी उलट आहे. घरात बाई आणि बाहेर बुवा, अशी वाटणी आमच्या घरांत होती कधी? कुंभाराचे चाक पुरुष फिरवितो, पण माती मळते ती बाई. कोष्ट्याच्या मागावर धोटा पुरुष फेकतो, पण कांड्या भरते ती बाई. लोहाराचा घण एकाच्या हातात आणि भाता दुसरीच्या हातात. शेतात तर विचारूच नका. पाभर नवऱ्याची आणि निंदणी, खुरपणी, वेचणी बायकोची. आमचा सगळा संसारच दोन बैलांच्या जुवासारखा आहे. मग बाळंतिणीला एका अंधाऱ्या खोलीत घालून तिचा विटाळ मानावयाचा, नवऱ्याने त्या बाजूस फिरकावयाचे नाही, ही रीत आमच्या घरांत आणली कोणी? ही आमच्या कष्टाच्या धर्मातली नव्हे. ही सोवळ्याची उसनवारी आहे. ज्यांनी आमच्या सावलीचा विटाळ मानला, त्यांचेच सोवळे आम्ही आमच्या लेकीसुनांवर चालवितो, आणि वर म्हणतो की आम्ही सत्यशोधकांचे वारस!

सत्यशोधकांचे नाव निघाले आहे तर थोडे मागे पाहू. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले या दांपत्यास स्वतःचे मूल नव्हते. तरीही १८६३ साली त्यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ज्या विधवांना दिवस राहिले म्हणून त्यांच्याच घरच्यांनी विहिरीचा रस्ता दाखविला असता, अशांनी येथे येऊन निर्धास्तपणे बाळंत व्हावे अशी ती सोय. तेथे येणाऱ्या बहुतेक बाया ब्राह्मण घरच्या होत्या. त्यांची बाळंतपणे काढणारे घर माळ्याचे होते. तेथेच जन्मलेल्या काशीबाई नावाच्या विधवेच्या मुलास या दोघांनी दत्तक घेतले, त्याचे नाव यशवंत ठेवले, आणि तो पुढे डॉक्टर झाला. विचार करा, परक्या बाईच्या बाळंतपणाला ज्या घरात नवरा-बायको दोघेही उभे राहिले, त्या घराचा वारसा सांगणारे आम्ही स्वतःच्या बायकोच्या बाळंतपणाला पारावर बसून तंबाखू मळीत असतो!

आणखी एक गोष्ट. २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिले सत्यशोधक लग्न लागले. त्या पद्धतीत भटजीवाचून वधू-वर एकमेकांस वचन देतात. वधू बायकांचे हक्क मागते आणि वर ते देण्याचे कबूल करतो. आजही या पद्धतीने लग्ने लागतात आणि लागावीत. पण आम्ही विचारतो, ते वचन मांडव उतरेपर्यंतच होते काय? बायकोला नववा महिना लागला, पाय सुजले, डोके ठणकू लागले, आणि नवऱ्यास आपल्या गावाजवळचा दवाखाना रात्री उघडा असतो की नाही हेही ठाऊक नाही, तर त्या वचनाची किंमत अक्षतांइतकीही नाही.

बापाला बाळापासून तोडण्याच्या कामी भिक्षुकशाहीने मोठी कारागिरी केली आहे. मूल मूळ नक्षत्रावर जन्मले म्हणतात. मग काय? बापाने त्याचे तोंड पाहावयाचे नाही. सत्तावीस दिवसांनी ते नक्षत्र फिरून येईल, शांत होईल, दक्षिणा पोचेल, आणि मग तेलातल्या प्रतिबिंबात बापाने आपल्या पोटच्या गोळ्याचे पहिले दर्शन घ्यावयाचे! अहो, ज्या दिवसांत बाईला बापाच्या हाताची सर्वांत जास्त गरज, नेमके तेच दिवस पंचांगाने काढून घेतले आणि त्याचे पैसेही बापाकडूनच वसूल केले. आता तर याहून पुढची मजल गेली आहे. पैसेवाले लोक मुहूर्त काढून, गरज नसताना, बाईचे पोट चिरून घेतात, म्हणजे मूल राजयोगावर जन्मास येईल. डॉक्टराने गरज म्हणून शस्त्रक्रिया सांगितली तर एक क्षण दवडू नये. पण पंचांगाने सांगितली तर पंचांग चुलीत घालावे. आणि येथे आम्ही हेही सांगून ठेवतो की, आजकाल पत्रिका पाहणारा सर्व जातींचा असतो. भिक्षुकशाही ही जानव्यात नसते. फुकटच्या भयावर पोट भरण्याच्या वृत्तीत असते.

सटवाईचेच पाहा. पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि कपाळावर लेख लिहिते, असे आमच्या आयाबाया पिढ्यान् पिढ्या धास्तीने मानीत आल्या. ती धास्ती उगीच नव्हती. त्याच सुमारास धडधाकट मूल दूध ओढीनासे होई, जबडा बसे, अंग ताठ होई आणि मूल जाई. पण ते नेणारी सटवाई नव्हती, तो धनुर्वात होता. मातीत, शेणात वापरलेल्या विळ्याने नाळ कापली आणि वर राख किंवा शेण लावले, की तेथूनच तो शिरे. आईला दिवसांत धनुर्वाताची इंजेक्शने आणि नाळेला उकळलेले किंवा नवे कोरे पाते, एवढ्या दोन साध्या गोष्टींनी काम केले, आणि २०१५ साली भारतातून बाळंतिणींचा व नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. लिहिलेला लेख इंजेक्शनाने पुसला गेला! मग बाकीच्या लेखांना तरी आम्ही का भ्यावे?

शेतकरी बंधूंनो, रागावू नका, पण एक प्रश्न विचारतो. गाय व्यायला झाली म्हणजे तुम्ही काय करता? आठ दिवस आधी तिला कामाला जुंपीत नाही. गोठ्यात कोरडी जागा करता, पेंड वाढविता, रात्री कंदील घेऊन दोनदा उठून पाहता. वार पडली की नाही याची खात्री होईपर्यंत हालत नाही. वासराला पहिला चीक मिळालाच पाहिजे, नाहीतर ते रोगट निघते, हे तुम्हास शाळेत न जाता कळते. मग तुमच्या घरच्या लक्ष्मीच्या पहिल्या दुधाला ‘ते जड असतं, नासकं असतं’ म्हणून पिळून टाकावयास का सांगता? वासराला चीक आणि लेकराला गुळाचे पाणी, मधाचे बोट! गाईचे बाळंतपण तुम्हास कळते आणि बायकोचे कळत नाही, यावर आमचा विश्वास बसत नाही. कळते सर्व, पण गाईची किंमत बाजारात ठरलेली आहे.

असो. टीका पुष्कळ झाली. आता कामाचे बोलू. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याची जी गत, तीच कळा सुरू झाल्यावर गाडी शोधणाऱ्याची. बाळंतपणात बाई दगावते ती तीन उशिरांनी. पहिला उशीर घरात होतो: न्यावे की न न्यावे, सासूला विचारू, भावाला येऊ दे. दुसरा उशीर रस्त्यात होतो: गाडी नाही, पैसे नाहीत, ओढ्याला पाणी आहे. तिसरा उशीर दवाखान्यात होतो: डॉक्टर नाही, रक्त नाही, पुढे न्या. तिसऱ्या उशिरासाठी सरकारशी भांडले पाहिजे व आम्ही भांडतोच. पण पहिले दोन उशीर नवऱ्याच्या हातातले आहेत. बाळंतपणानंतर अंगावरून रक्त धो-धो जाऊ लागले तर बाई दोन-तीन तासांतही जाते. तेवढ्या वेळात तुमची भावकी गोळासुद्धा होत नाही.

तेव्हा जोडप्याने करावयाची तयारी अशी. पाळी चुकली की तिसरा महिना संपण्याच्या आत आशाताईकडे किंवा उपकेंद्रात नाव घालावे, आणि नाव घालावयास दोघांनी जावे. दिवस भरेपर्यंत निदान चार वेळा तपासणी झाली पाहिजे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची डॉक्टराकडून फुकट तपासणी ठेवलेली आहे. बाजाराचा वार जसा लक्षात राहतो तशी ही तारीख नवऱ्याच्या लक्षात असावी. वजन, रक्त, लघवी आणि रक्तदाब ही चारही पाहून घ्यावीत. २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांत ५४ जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. याचा अर्थ, निम्म्याहून अधिक बाया बाळंतपणाच्या लढाईत रिकामी बंदूक घेऊन उतरतात. लोहाच्या गोळ्या तिसरा महिना सरल्यावर रोज एक, निदान १८० दिवस घ्यावयाच्या आणि बाळंतपणानंतरही तेवढेच दिवस. गोळीवर लगेच चहा पिऊ नये, गोळीचा गुण जातो. ही गोळी रोज हातावर ठेवणे हे नवऱ्याचे काम. यात मर्दानगी कमी होत असेल तर होऊ द्या.

जेवणाचे तर बोलावयासच नको. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते; फुलांचा झोपाळा, हिरवे लुगडे, पाच पक्वान्ने, आणि हल्ली तर फोटोवाला. पण उरलेल्या दिवशी ती गरोदर बाई सर्वांच्या मागून जेवते. भांड्यात उरेल ते तिचे. कोठे कोठे ‘जास्त खाल्लं तर मूल मोठं होऊन अडेल’ म्हणून तिला मुद्दाम अर्धपोटी ठेवतात. एका दिवसाच्या झोपाळ्याऐवजी नऊ महिने पहिल्या पंगतीचे ताट द्या. भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, गूळ, जमेल तेव्हा अंडे, मासळी. यात महाग काय आहे? महाग आहे ती तिला आधी वाढण्याची दानत!

सातव्या महिन्यापासून चार गोष्टी पक्क्या कराव्यात. कोणत्या दवाखान्यात जावयाचे ते ठरवून एकदा प्रत्यक्ष पाहून यावे. गाडी कोणाची, हे नाव घेऊन ठरवावे. १०२ आणि १०८ हे आकडे घरच्या भिंतीवर कोळशाने लिहावेत. रक्त लागले तर देणारे दोन-तीन जण आधी सांगून ठेवावेत. आणि थोडा पैसा वेगळ्या डब्यात ठेवावा, ज्याला सणाला, लग्नाला, बी-बियाण्याला कोणी हात लावणार नाही. २०११ पासून सरकारी दवाखान्यांत बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषध, रक्त, जेवण आणि येणे-जाणे फुकट ठरले आहे. २०१७ पासून पहिल्या बाळंतपणास ५ हजार रुपयांची मदतही ठरली आहे. ही कोणाची खैरात नव्हे, आपल्याच कराचा पैसा आहे. तो मागून घ्यावा, आणि कोणी चिरीमिरी मागितली तर चार माणसांत त्याचे नाव घ्यावे.

धोक्याच्या खुणा नवऱ्यास आंधळ्यानेही सांगाव्यात इतक्या पाठ पाहिजेत. अंगावरून रक्त जाणे, तोंडावर व हातांवर सूज, जबर डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके येणे, ताप, कळांवाचून पाणी जाणे, पोटातले मूल हालेनासे होणे, बारा तास कळा देऊनही सुटका न होणे. यांपैकी एकही दिसली तर अंगारा नाही, नारळ नाही, भावकीची बैठक नाही, गाडी.

आता कळा सुरू झाल्या. नवऱ्याने कोठे असावे? आमचे उत्तर: बायको असेल तेथे. २०१६ साली केंद्राच्या आरोग्य खात्याने सरकारी दवाखान्यांत कळा देणाऱ्या बाईजवळ तिची सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली, आणि जेथे आडोशाची सोय असेल तेथे नवऱ्यासही. तिला जो हवा असेल तो सोबती. आई हवी असेल तर आई, नवरा हवा असेल तर नवरा. आत जाता आले नाही तर दारात बसावे, कागद सांभाळावे, औषध आणावे. चहाच्या टपरीवर जाऊन ‘काय झालं?’ म्हणून निरोपाची वाट पाहू नये. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे रीत आहे. लेकीला आईच्या हाताखाली विसावा मिळतो म्हणून ती रीत आम्हास मान्य आहे. पण त्या रितीआडून जावईबापू मोकळे सुटतात आणि बारशाला पाहुण्यासारखे टोपी घालून येतात, हे आम्हास मान्य नाही. खर्च सासऱ्याचा, जागरण सासूचे आणि नाव मात्र बापाचे!

मूल झाले की तासाच्या आत त्यास छातीशी लावावे, चीक पाजावा. सहा महिने आईचे दूध, पाणीदेखील नको. पहिल्या दिवशी आंघोळ नको, पुसून गुंडाळून ऊब द्यावी. मूल कमी वजनाचे असेल तर उघड्या छातीशी धरून ठेवल्यानेच निम्मे औषध होते, आणि ती छाती बापाचीही चालते. नाळेला काही लावू नये. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते; तेव्हा बापाने घरी असावे, विचारावे, ऐकावे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याने गावच्याच बायांना नवजात बाळांची निगा शिकविली आणि बाळांचे मरण निम्म्याहून खाली आणले. १९९९ साली ते जगाच्या वैद्यकांपुढे छापून आले आणि पुढे त्याच कामाच्या धर्तीवर आशाताईंच्या या फेऱ्या सुरू झाल्या. गावची थोडी शिकलेली बाई जे शिकू शकते ते धडधाकट बापास शिकता येत नाही, असे म्हणणे म्हणजे आळसाला अज्ञानाचे पांघरूण घालणे होय. दुपटी धुणे, रात्री मूल खांद्यावर घेणे, पाणी भरणे, चूल पेटविणे, यांस काही शास्त्र लागत नाही.

मुलगी झाली म्हणून तोंड पाडणाऱ्यांस एकच सांगतो. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरते. ज्वारी पेरून गहू उगवला नाही म्हणून जमिनीला शिव्या देणारा शेतकरी तुम्ही पाहिला आहे काय? तरीही २०११ च्या खानेसुमारीत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली भरल्या ८०७! आणि पाळणा थांबवावयाची वेळ आली तरी सुरी बाईच्याच पोटावर. २०१९ ते २१ च्या पाहणीत देशातील शंभर विवाहित स्त्रियांत जवळजवळ ३८ जणींची शस्त्रक्रिया झालेली. नवऱ्यांची हजारात तीन! पुरुषाची शस्त्रक्रिया त्याहून सोपी, टाके थोडे, आठवड्यात माणूस कामावर. पण येथे कोयता पुन्हा एकटीचाच.

हे सारे आम्ही नवऱ्यांना सांगितले. पण फडावरच्या नवऱ्याचे हात कोणी बांधले आहेत, हेही सांगणे भाग आहे. जो आज कामावर आला नाही त्याचा खाडा धरतात आणि तो पैसा उचलीत चढतो. बायको बाळंत झाली म्हणून जोडी दोन दिवस बसली तर दोन दिवसांचा खाडा. म्हणून आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत मोळ्या उचलल्या जातात, कोपीत बाळंतपणे होतात आणि ओली बाळंतीण पुन्हा फडावर उभी राहते. २०१९ साली राज्य सरकारच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी आली, तीत १३ हजारांवर बायांची गर्भाशये काढलेली निघाली. पोरींची लग्ने उरकण्याचेही हेच कारण. पोराला बायको मिळाली की अर्ध्या कोयत्याचा पुरा होतो. शाळेतल्या पोरीला कोयत्याचा दांडा म्हणून बसवावयाचे, आणि तिचे हाड भरण्याआधी तिला आई करावयाचे! अठरा वर्षांआधी लग्न लावणाऱ्या बापाने बाळंतपणाच्या तयारीचे नावच घेऊ नये. त्याने तयारी मरणाची केली आहे.

आणि हा खाडा धरतो कोण? पूर्वी आम्ही शेटजी-भटजींस दोष देऊन मोकळे होत होतो. आज मुकादम आमचा आहे. कारखान्याचा चेअरमन आमचा आहे. त्याच्या दिवाणखान्यात जोतीरावांची तसबीर आहे, १४ एप्रिलला तो बाबासाहेबांच्या पुतळ्यास हार घालतो. त्यास आम्ही आठवण देतो की, १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यातील बायांना बाळंतपणाचा भत्ता मिळावा म्हणून बाबासाहेब आंबेडकर बोलावयास उभे राहिले होते, आणि १९२९ साली तो कायदा मुंबई इलाख्यात झाला. १९६१ साली देशभरासाठी कायदा झाला, २०१७ साली त्यात २६ आठवड्यांची भरपगारी रजा आली. केंद्र सरकारच्या बाबूस तर बाप झाल्याबद्दल १५ दिवसांची रजा मिळते. मग ज्या बाईने तुमच्या कारखान्याची चाके फिरविली, तिला २६ आठवडे राहोत, २६ दिवस तरी कोणी दिले काय? विचारले की कारखाना म्हणतो, ती मुकादमाची माणसे. मुकादम म्हणतो, ती कारखान्याची. साखर कोणाची विचारले तर मात्र दोघांचे एकमत होते!

आमची मागणी साधी आहे. करार करतानाच जोडीतील बाई गरोदर आहे काय याची नोंद व्हावी, पण त्यापायी उचल कापू नये. सातव्या महिन्यानंतर मोळी उचलणे बंद. बाळंतपणाचा खाडा ना बाईवर, ना तिच्या नवऱ्यावर. त्याचे पंधरा दिवस त्यासही मिळाले पाहिजेत. प्रत्येक तळावर तपासणीची फेरी, आणि गावी काढलेले गरोदरपणाचे कार्ड जेथे जोडी जाईल तेथे चालले पाहिजे. जो कारखाना टनाचा हिशेब किलोपर्यंत ठेवतो, त्यास आपल्या तळावर किती बाया गरोदर आहेत हे ठाऊक नसावे, यास अडाणीपणा म्हणत नाहीत.

पण बंधूंनो, कारखाना देईल, सरकार देईल, म्हणून तुम्ही बसून राहू नका. गाडी ठरविण्यास, गोळी हातावर ठेवण्यास, पहिले ताट वाढण्यास कोणाचा कायदा लागत नाही. २०१८-२० च्या मोजणीत महाराष्ट्रात लाख जन्मांमागे ३३ आया गेल्या, देशात ९७. आकडा पूर्वीपेक्षा खाली आला आहे, हे तयारीचेच फळ. पण जी जाते ती आकडा नसते. मागे रांगणारे पोर असते आणि तुटलेले घर असते. ज्याच्या घरी पाळणा हलावयाचा आहे, त्याने येत्या बाजाराच्या दिवशी आधी उपकेंद्राची पायरी चढावी, बायकोला बरोबर घेऊन. आणि ज्याच्या घरी हलून गेला आहे, त्याने शेजारच्या पोरास हात धरून तेथे न्यावे.